दोघांची पहिली छोटी क्रूझ: बुकिंगपासून उतरेपर्यंत काय काय करायचं

तीन-चार रात्रींची क्रूझ बुक करताना बहुतेक जोडपी आधी जहाज बघतात, पूल किती, शो कुठले, बाल्कनी कशी दिसते, आणि बंदरांची नावं सगळ्यात शेवटी वाचतात. माझं म्हणणं, हे उलटं करा. चार रात्रींचं साधं गणित मांडून बघा, पहिला दिवस चढण्यात जातो, शेवटच्या दिवशी नाश्ता झाला की उतरायचं, मधे राहिले तीन दिवस आणि त्यातला एक बऱ्याचदा अख्खा समुद्रातच. म्हणजे जमिनीवर पाय टेकायला मिळणार दोनदा, दोन्ही मिळून जेमतेम बारा-चौदा तास. हे तास आधी नीट आखले तर छोटी क्रूझ खूप काही देते, नाही आखले तर रांगा आणि धावपळ यातच संपते. म्हणून खालचं सगळं घड्याळाच्या हिशोबाने लिहिलंय.

१. बुकिंगच्या आधी बंदरावरचे तास मोजा

वेळापत्रकात "सकाळी ८ ते दुपारी ४" असं असतं ना, ते जहाजाचे तास, तुमचे नाहीत. जहाज धक्क्याला लागलं तरी तिथल्या अधिकाऱ्यांची परवानगी येईपर्यंत कोणाला उतरू देत नाहीत, मग उतरणाऱ्यांची गर्दी, आणि परत येताना "ऑल अबोर्ड", म्हणजे ज्या वेळेला जहाजावर असायलाच पाहिजे ती वेळ, सुटायच्या अर्धा ते एक तास आधीची असते. आठ तासांतले खरे हातात येतात साडेसहा, कधी सहाच.

आणि बंदर म्हणजेच शहर असं धरून चालू नका. यादीत रोम लिहिलेलं असतं पण जहाज लागतं चिवितावेक्कियाला, तिथून रोम साधारण ७० ते ८० किलोमीटर, ट्रेनने जायलाच तासाच्या आसपास लागतो. फ्लॉरेन्सचं तसंच, जहाज थांबतं लिव्होर्नोला. उलट बहामाजमधल्या नॅसॉला धक्क्यावरून चालत निघालात की थेट गावातच पोचता. सहा तासांतले दोन-तीन तास प्रवासात घालवायची तयारी आहे का हे दोघांनी बुकिंगआधी बोलून घ्या. मला विचाराल तर छोट्या क्रूझला चालत गाव गाठता येतं अशी बंदरं निवडावीत, लांबची शहरं वेगळ्या ट्रिपसाठी ठेवावीत.

तिसरी गोष्ट बघायची ती म्हणजे जहाज धक्क्याला लागणार आहे की टेंडर आहे. टेंडर म्हणजे मोठं जहाज समुद्रात नांगर टाकून उभं राहतं आणि छोट्या बोटींतून माणसं किनाऱ्यावर नेतात. वेळापत्रकात ते बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ग्रीसमधलं सँटोरिनी हे याचं ठळक उदाहरण, मोठी जहाजं कड्याखालच्या खोल पाण्यात उभी राहतात, बोट जुन्या बंदरात सोडते, आणि फिरा गाव वर कड्याच्या टोकाला. वर जायला केबल कार, नाहीतर पाचशेहून जास्त पायऱ्या, नाहीतर गाढवं. गाढवांवर बसू नका असं मी मनापासून सांगेन, उन्हात त्या जनावरांचे फार हाल होतात. केबल कारला एकाच वेळी तीन-चार जहाजांची माणसं आली की रांग खूप लांबते, आणि ती दोन्ही बाजूंना असते, चढतानाही आणि उतरतानाही. परतीची रांग लोक हिशोबात धरतच नाहीत.

२. केबिन निवडताना

क्रूझचं भाडं बहुतेक ठिकाणी "एका केबिनमध्ये दोघं" हे धरून माणशी सांगतात, त्यामुळे जोडप्यांना ते बरं पडतं. फक्त भाड्याच्या आकड्यावर जाऊ नका, त्यावर बंदराचे कर आणि फी येते, शिवाय बऱ्याच कंपन्या रोजची माणशी टिप आपोआप बिलात लावतात. सगळं धरून दोघांचा आकडा काढा आणि मगच दोन जहाजांची तुलना करा.

बोट लागण्याची भीती असेल तर खालच्या डेकवरची आणि जहाजाच्या मधल्या भागातली केबिन घ्या, तिथे हलणं सगळ्यात कमी जाणवतं. नकाशा बघताना तुमच्या डोक्यावर आणि पायाखाली काय आहे तेही बघा. वर पूल डेक असेल तर पहाटे खुर्च्या सरकवल्याचा आवाज येतो, खाली नाइट क्लब असेल तर झोपेचं खोबरं. दोन केबिनच्या मधे दार असलेल्या कनेक्टिंग केबिन जोडप्यांनी टाळाव्यात, त्या दारातून शेजारच्यांचं बोलणं ऐकू येतं, आणि तुमचं त्यांनाही. बेडचंही आधीच विचारून घ्या, पुष्कळ केबिनमध्ये दोन सिंगल बेड जोडून डबल करतात, ते जोडूनच ठेवा असं बुकिंगमध्ये लिहून घ्यायचं.

बाल्कनी हवीच का? छोट्या ट्रिपला नाही घेतली तरी चालतं, केबिनमध्ये तुम्ही झोपायलाच जाणार. पण दोघांना निवांत बसायची हौस असेल आणि एक अख्खा दिवस समुद्रात असेल तर बाल्कनीइतकी शांत जागा जहाजावर दुसरी सापडत नाही, तेव्हा पैसे वाचवायचे तर दुसरीकडे वाचवा.

३. कागदपत्रं

इथे ढिलाई अजिबात नको. पासपोर्टची मुदत ट्रिप संपल्यानंतर निदान सहा महिने असावी आणि बुकिंगमधलं नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळायला हवं, लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर हे खास बघा. व्हिसा प्रत्येक बंदराच्या देशाचा तपासायचा, तुम्ही उतरणार नसलात तरी. जहाज एखाद्या देशातून किंवा शेंगेन भागातून (एकाच व्हिसावर चालणारा युरोपातल्या देशांचा गट) बाहेर पडून परत आत येत असेल तर सिंगल एंट्री व्हिसा चालत नाही, मल्टिपल एंट्री लागतो. व्हिसा नसेल तर चढतानाच अडवतात आणि त्या वेळी भाडं सहसा परत मिळत नाही.

बाळाची चाहूल असेल आणि त्याआधी एक ट्रिप करू म्हणत असाल तर हे लक्षात ठेवा, बहुतेक क्रूझ कंपन्या गरोदरपणाचा २४वा आठवडा लागल्यावर प्रवास करू देत नाहीत, आणि तो आठवडा ट्रिपच्या शेवटच्या दिवसापर्यंत मोजतात. विम्यात जहाजावरचा डॉक्टर आणि गरज पडली तर जहाजावरून दवाखान्यात हलवण्याचा खर्च, दोन्ही आहेत का ते वाचून घ्या, जहाजावरच्या दवाखान्याचं बिल सरळ तुमच्या खात्यात पडतं.

४. बॅग

दोन बॅगांचा विचार करा. मोठी बॅग टर्मिनलवर हमालाकडे द्यायची आणि ती केबिनपर्यंत पोचायला संध्याकाळ होऊ शकते. म्हणून पासपोर्ट, औषधं, चष्मा, चार्जर, दागिने आणि पोहायचे कपडे हातातल्या छोट्या बॅगेत. दुपारी बाकीचे लोक आपल्या बॅगेची वाट बघत बसलेले असतात तेव्हा तुम्ही दोघं रिकाम्या पूलमध्ये असाल.

इस्त्री, किटली, मेणबत्त्या आणि सर्ज प्रोटेक्टरवालं एक्स्टेन्शन नेऊ नका, आगीच्या भीतीने ते काढून घेतात. न्यायची एक छोटी पण कामाची वस्तू म्हणजे चुंबकाचे हूक. केबिनच्या भिंती बहुतेक लोखंडी असतात, दाराजवळ चार हूक चिकटवले की टोप्या, ओले कपडे, पिशव्या सगळं वर लटकतं आणि एवढ्याशा खोलीत दोघांना वावरायला जागा राहते. आणि एक साधं मनगटी घड्याळ, ते कशाला ते पुढे येतंच.

५. चढण्याचा दिवस

विमानाने येणार असाल तर आदल्या दिवशीच शहरात पोचा, त्याच दिवशीची फ्लाइट लेट झाली तर जहाज तुमच्यासाठी थांबणार नाही. ऑनलाइन चेक-इन उघडलं की लगेच करा आणि चढायची लवकरची वेळ घ्या, केबिन दुपारी मिळते पण जेवण, पूल, डेक सगळं चालू असतं, म्हणजे तेवढ्याच भाड्यात अर्धा दिवस जास्त मिळाला.

चढल्यावर पहिली दोन कामं. एक, जेवणाची जागा. मुख्य डायनिंग रूममध्ये फक्त दोघांची टेबलं थोडी असतात, बाकी सहा-आठ जणांची, त्यामुळे दोघांचंच टेबल हवं असेल तर पहिल्याच दुपारी जाऊन सांगा. दोन, सेफ्टी ड्रिल, म्हणजे मस्टर. याला कंटाळू नका. १३ जानेवारी २०१२ला इटलीत कोस्टा कॉन्कॉर्डिया खडकावर आपटली आणि ३२ माणसं गेली, त्याच संध्याकाळी चढलेल्या प्रवाशांचं ड्रिल तेव्हा झालेलंच नव्हतं, कारण नियमाने २४ तासांची सवलत होती. त्यानंतर नियम बदलला आणि २०१५पासून जहाज सुटायच्या आधी किंवा सुटल्याबरोबर ड्रिल झालंच पाहिजे असं ठरलं. आता खूप जहाजांवर फोनवर किंवा टीव्हीवर व्हिडिओ बघायचा आणि मग आपल्या मस्टर स्टेशनला, म्हणजे धोक्याच्या वेळी जमायच्या ठरलेल्या जागी, जाऊन जहाजाने दिलेलं कार्ड स्कॅन करायचं एवढंच असतं. सात छोटे भोंगे आणि एक लांब, हा धोक्याचा इशारा. केबिनपासून मस्टर स्टेशनपर्यंत दोघांनी एकदा जिन्याने चालत जाऊन बघा, लिफ्टने नाही, कारण खऱ्या वेळेला लिफ्ट वापरायची नसते.

६. फोन, पैसे आणि एकमेकांना शोधणं

किनारा सुटायच्या आधी फोन एअरप्लेन मोडवर टाका. समुद्रात गेल्यावर जहाजाचं स्वतःचं मोबाइल नेटवर्क सुरू होतं, त्याचे दर फार जास्त असतात आणि तुमचा नेहमीचा रोमिंग पॅक तिथे बहुधा लागू होत नाही. वायफाय हवं तर जहाजाचा पॅक घ्या, दोघांत एक पुरतो. बऱ्याच जहाजांच्या ॲपमध्ये आपसात मेसेज करायची सोय असते, ती पहिल्याच दिवशी चालू करून ठेवा. तरीही एक नियम ठरवाच: चुकामूक झाली तर पंधरा मिनिटं शोधायचं आणि मग केबिनवर जाऊन थांबायचं. हजारो माणसांच्या जहाजावर दोघंही एकमेकांना शोधत फिरत राहिले तर तास सहज जातो.

जहाजावर सगळं जहाजाने दिलेल्या त्याच कार्डावर चालतं, कॅश लागत नाही. त्या कार्डाच्या खात्याला बँकेचं डेबिट कार्ड जोडू नका, ते लोक आगाऊ रक्कम अडकवून ठेवतात आणि ती मोकळी व्हायला उतरल्यानंतरही काही दिवस लागू शकतात. क्रेडिट कार्ड बरं. दारूचा पॅक घ्यायचा विचार असेल तर वाचून घ्या, पुष्कळ कंपन्यांत केबिनमधल्या एकाने घेतला की दुसऱ्या मोठ्या माणसालाही घ्यावाच लागतो. दोघांतला एकच पिणारा असेल किंवा दिवस बंदरावरच जाणार असेल तर छोट्या ट्रिपला तो पॅक परवडत नाही, सुटे पैसे दिलेले बरे.

७. बोट लागणं आणि पोट

मोठ्या जहाजांना पाण्याखाली पंखासारखे स्टॅबिलायझर असतात त्यामुळे हलणं खूप कमी होतं, पण वारा वाढला तर जाणवतं. मेक्लिझीनसारखी गोळी त्रास सुरू व्हायच्या आधी घेतली तरच नीट काम करते, आणि झोप आणते, म्हणून आपल्या डॉक्टरला विचारून घरूनच न्या. मळमळायला लागलं तर बंद केबिनमध्ये पडून राहू नका, मधल्या डेकवर मोकळ्या हवेत जा आणि क्षितिजाकडे बघत बसा.

हात साबणाने धुवा, खरंच. जहाजावर पोट बिघडवणारा नोरोव्हायरस असतो त्याच्यावर सॅनिटायझर फारसा चालत नाही, साबण आणि वाहतं पाणी चालतं. चार दिवसांच्या ट्रिपमधले दोन दिवस बाथरूममध्ये घालवायचे नसतील तर बुफेच्या आधी हे करायचंच.

८. बंदराचा दिवस

आदल्या रात्री दोघांनी बसून दोन वेळा कागदावर लिहायच्या, ऑल अबोर्डची, आणि टेंडर असेल तर शेवटच्या टेंडरची. तिथून उलटं मोजत या: ऑल अबोर्डच्या एक तास आधी बंदरात, त्यातून परतीचा प्रवास वजा, त्यातून परतीच्या रांगेची अर्धा तास सूट वजा. उरलं ते तुमचं. हे केलं की बहुतेक वेळा दिसतं की त्या दिवसात एकच मोठी गोष्ट बसते, दोन नाही. मग ती एकच नीट करा. आणि "काय करायचं" यावर धक्क्यावर उभं राहून वाद घालण्यापेक्षा आधीच वाटून घ्या, एका बंदरावर तिची निवड, दुसऱ्यावर त्याची. एकाला किल्ले बघायचेत आणि दुसऱ्याला पाण्यात डुंबायचंय अशी जोडी असेल तर याने दोघंही खूश राहतात.

आता घड्याळ. बंदरावर फोन आपोआप तिथली वेळ पकडतो, आणि जहाज कधीकधी आपली वेळ बदलतच नाही. मेक्सिकोतल्या कोझुमेलचं उदाहरण घ्या, २०१५पासून तिथे वर्षभर एकच वेळ चालते, घड्याळ मागेपुढे करत नाहीत. फ्लोरिडात मात्र उन्हाळ्यात घड्याळ तासभर पुढे असतं. म्हणजे फ्लोरिडाहून निघालेल्या जहाजाने वेळ तशीच ठेवली असेल तर तुमच्या फोनवर साडेतीन वाजलेत आणि जहाजावर साडेचार, ऑल अबोर्ड होऊन गेलेलं. म्हणून ते मनगटी घड्याळ, जहाजाच्या वेळेला लावलेलं, आणि उतरताना गँगवेजवळ, म्हणजे जहाजातून उतरायच्या वाटेजवळ, ऑल अबोर्डची वेळ लिहिलेला बोर्ड असतो त्याचा फोटो काढायचा.

उतरताना कार्ड मशीनला लावलं की बीप होतं आणि पहाऱ्यावरच्या माणसासमोर तुमचा फोटो येतो. प्रत्येकाचं कार्ड वेगळं आणि प्रत्येकाने स्वतःचंच लावायचं, एकाने दोघांची कार्डं खिशात ठेवून पुढे गेलं की मागचा अडकतो. जहाजावर कोण आहे कोण नाही हे त्यांना त्या बीपवरूनच कळतं.

टेंडरमध्ये चढणं पहिल्यांदा थोडं घाबरवतं. बोट वरखाली होत असते, मधे हातभर फट, खाली पाणी उसळतंय. दोन्ही बाजूंना खलाशी उभे असतात, ते तुमचा हात मनगटाच्या वर धरतात, तुम्ही पण त्यांचा तसाच धरायचा, आणि बोट वर आली की ते सांगतात तेव्हा एक पाऊल टाकायचं, उडी नाही. दोन्ही हात रिकामे हवेत, फोन खिशात, पिशवी पाठीवर. एकमेकांचा हात धरून चढायचा मोह होतो पण तो धरू नका, एकेकाने जायचं. गुडघे किंवा तोल यांचा त्रास असेल तर टेंडरची बंदरं असलेली ट्रिपच घेऊ नये हे जास्त बरं.

टेंडरचं अजून एक, समुद्र खवळला असेल तर कॅप्टन ते बंदर सरळ रद्द करतो, सुरक्षेपुढे कुणाचं चालत नाही. त्यामुळे बाहेरून टूर बुक करताना "जहाज आलं नाही तर पैसे परत" अशी अट असलेलीच घ्या.

जहाजाची टूर की स्वतःची? जहाजाची महाग असते, गर्दीत असते, पण तिला उशीर झाला तर जहाज थांबतं किंवा तुम्हाला पुढच्या बंदराला पोचवायची सोय ते करतात. स्वतः गेलात तर नाही. माझा नियम सोपा आहे: बंदरापासून चालत किंवा टॅक्सीने वीस मिनिटांत परत येता येत असेल तर स्वतः जायचं, त्याहून लांब असेल तर जहाजाची टूर. रोजच्या कार्यक्रमपत्रिकेत पोर्ट एजंटचा, म्हणजे त्या बंदरात क्रूझ कंपनीचं काम बघणाऱ्या माणसाचा, नंबर छापलेला असतो, त्याचाही फोटो फोनमध्ये ठेवा. जहाज खरंच सुटलं तर पहिलं त्या एजंटकडे जायचं, पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च मात्र तुमचा.

बरोबर पाणी, टोपी, थोडी तिथली कॅश, फोटो असलेलं ओळखपत्र. बुफेतली फळं, सँडविच पिशवीत घालून खाली नेऊ नका, पुष्कळ देशांत ते चालत नाही आणि दंड होतो. कॅरिबियनमध्ये जाणार असाल तर सैनिकी छापाचे कपडे नेऊ नका, बार्बाडोस आणि जमैकात सामान्य माणसाने ते घालणं बेकायदा आहे. आणि स्कूबा केलंत तर त्यानंतर निदान १८ तास विमानात बसायचं नाही, छोट्या क्रूझला शेवटचं बंदर आणि परतीची फ्लाइट जवळजवळ येतात म्हणून डायव्हिंग पहिल्या बंदरावरच उरकून घ्या.

एखाद्या बंदरावर उतरावंसं वाटलं नाही तर नका उतरू. जहाज अर्धं रिकामं होतं, पूल मोकळा मिळतो, स्पाचे दर बऱ्याचदा कमी केलेले असतात. दुकानं आणि कॅसिनो मात्र बंदरात असताना सहसा बंद.

९. शेवटची रात्र

मोठ्या बॅगा टॅग लावून रात्री केबिनबाहेर ठेवायच्या असतात, साधारण दहा-अकराच्या आत. ठेवायच्या आधी उद्याचे कपडे, चपला, औषधं आणि पासपोर्ट बाहेर काढलेत का ते दोघांनी एकमेकांचं तपासा. सामान थोडं असेल तर स्वतःच्या बॅगा स्वतः घेऊन उतरायचा पर्याय घ्या, सगळ्यात आधी सोडतात. बिल त्याच रात्री ॲपवर किंवा टीव्हीवर बघा आणि चूक असेल तर तेव्हाच काउंटरवर जा, सकाळी तिथे फार गर्दी असते. परतीची फ्लाइट दुपारनंतरचीच ठेवा, जहाज वेळेत आलं तरी इमिग्रेशनला किती वेळ लागेल ते आपल्या हातात नसतं.

सकाळी केबिन सोडताना तिजोरी, ड्रॉवर, बाथरूमच्या दारामागचा हूक आणि ते चुंबकाचे हूक एकदा बघून घ्या. आणि टर्मिनलमध्ये बॅग उचलताना टॅगवरचं नाव वाचूनच उचला, सारख्या दिसणाऱ्या काळ्या बॅगा तिथे शेकड्याने असतात.